थेंबूच्या गाडीला टायर कोणते?

थेंबू हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्यांनी चांगलं ऐसपैस नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. डेअरीची दुधाची जीप चालवायला लागल्यापासून हा माणूस डिझेलचा थेंबनथेंब वाचवतो म्हणून कुणीतरी त्याला थेंबू म्हणालं, आणि चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा रागावली की ‘अहो’ सोडून ‘थेंबूशेठ’ म्हणायची.

आणि वाचवायचा तरी किती! पुढे वळण आहे हे कळलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आधीच वर. दूध मोजून कॅन चढेपर्यंत इंजिन बंद. ब्रेक मारायची वेळ आली की चेहरा असा, जसं काही कुणी ह्याच्याच अंगातलं रक्त काढतंय. शेजारी बसलेल्यानं काच खाली केली तर हा लगेच म्हणणार, “वर घ्या हो ती. वारा आत शिरला की गाडी जड होते.” माणूस बिचारा घामानं निथळत बसायचा.

डेअरीच्या आवारात एक फळा होता. महिनाअखेरीला कुठल्या गाडीनं लिटरमागे किती अ‍ॅव्हरेज दिलं ते त्यावर खडूनं लिहायचे, आणि कित्येक वर्षं पहिलं नाव थेंबूचं. बाकीचे ड्रायव्हर जळायचे. “ह्याची गाडी काय डिझेलच्या नुसत्या वासावर चालते का रे?” म्हणायचे. थेंबू मान खाली घालून हसायचा, पण आतून छाती अशी फुगायची की शर्टाचं बटण तुटावं. अहो, शाळेत ह्याचा कधी नंबर आला नाही, नातेवाइकांत कुणी ह्याचा सल्ला विचारला नाही, सासरेबुवा तर अजून ह्याच्या धाकट्या साडूचंच कौतुक करतात. आयुष्यात काय कमावलं म्हणाल, तर फळ्यावरची ती वरची ओळ.

एक खोड मात्र होती. टायर बदलायला म्हणून हा कधी राजी व्हायचा नाही. ह्याचा पक्का अनुभव होता की नवा टायर घातला की अ‍ॅव्हरेज पडतं, आणि टायर जसजसा झिजत जातो तसतसं ते चढत जातं. “गुळगुळीत टायर हलका पळतो,” असं तो छातीठोकपणे सांगायचा. बाकीचे ड्रायव्हर नक्षी उडाली की टायर बदलून मोकळे व्हायचे. थेंबूचे टायर तुळतुळीत होईपर्यंत गाडीखालीच. बायको म्हणायची, “तुमच्या टाळूवर तरी चार केस आहेत, त्या टायरांवर तेही नाहीत.”

डांबरी रस्त्यावर हे सगळं खपून जायचं. पण थेंबूची फेरी डांबरावर संपत नव्हती. डांबर सुटलं की कच्चा रस्ता, आणि कच्च्या रस्त्याच्या शेवटी एक लाल मातीचा चढ, नुसता नाकासमोर उभा. त्या चढावर वरची वस्ती. घरं मोजकीच, पण प्रत्येकाच्या दारात गाई. त्यातलं एक घर थेंबूच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली तेव्हा ह्याला न्हाऊमाखू घालून, कान उपटून, शाळेत ढकलून जिनं वाढवलं ती ही ताई. नवरा गेल्यावर तिच्या गाठीला दोन गाई उरल्या होत्या आणि त्यांच्या दुधावर तिची चूल पेटत होती. दूध न्यायला वर चढणारी गाडी एकच, थेंबूची.

चिखलाचे दिवस आले आणि व्हायचं ते झालं. भरल्या कॅनसकट जीप चढावर गरागरा चाकं फिरवत आडवी झाली आणि घसरत घसरत बांधाला जाऊन टेकली. थेंबूला खरचटलंसुद्धा नाही, पण सगळं दूध चिखलात. वस्तीतली माणसं डोक्याला हात लावून बघत राहिली.

डेअरीचे साहेब तसे शांत डोक्याचे. ओरडले नाहीत. म्हणाले, “नवे टायर घ्या. कोणते घ्यायचे ते तुम्हीच ठरवा, गाडी तुमच्या हाताखालची आहे. पण एक सांगून ठेवतो. त्या वस्तीचं दूध थोडं आणि डिझेल फार, असं माझे वरिष्ठ मला सारखे ऐकवतात. आजवर तुमच्या अ‍ॅव्हरेजकडे बोट दाखवून मी वेळ मारून नेली. ते पडलं, तर वस्ती बंद करण्यावाचून माझ्यापुढे इलाज नाही.”

थेंबू ‘हो साहेब’ म्हणाला आणि बाहेर आला. टायर घ्यायचे म्हणजे अ‍ॅव्हरेज पडणार. न घ्यावेत तर चढ चढणार नाही. दोन्हीकडून ताईचंच घर बुडत होतं.

टायरवाल्याच्या दुकानात गेला तर तिथं आणखीच घोळ. दुकान म्हणजे टायरांच्या उतरंडी, रबराचा उग्र वास, आणि मध्ये एका टायरावरच मांडी ठोकून बसलेला टायरवाला.

“बोला मालक, कसले देऊ?”

“चिखलात चढणारे. आणि डिझेल न पिणारे.”

टायरवाला पोट धरून हसला. “म्हणजे बायको तोंडाळ हवी, पण घरात आवाज नको!” मग त्यानं एकेक टायर घरंगळत आणला. हा बघा, जाड ठोकळ्यांचा. ठोकळे चिखलात दात रोवतात, पण डांबरावर घुंई घुंई ओरडतो आणि डिझेल ढोसतो. हा दुसरा, बारीक रेघांचा. डांबरावर लोण्यासारखा, चिखल दिसला की हात वर करतो. “रुंद घेतलात तर पकड येईल, पण ओढायला जड. अरुंद घेतलात तर हलका, चिखल कापत तळाशी टेकतो. रबर मऊ घेतलंत तर धरून चालेल पण लवकर झिजेल, कडक घेतलंत तर टिकेल पण ओल्यात घसरेल. वजनाचंही बघा, जड चाक फिरवायलाच निम्मं डिझेल जातं. आणि हवा मारताना...”

“थांबा हो शेठ, जरा थांबा!” थेंबूचं डोकं भणभणायला लागलं होतं. “तुम्ही काय घेतलं असतं?”

“मी? मी चिखलात गेलोच नसतो.”

घ्या! ह्याला म्हणतात सल्ला. थेंबू हात हलवत घरी आला. ज्याला विचारावं त्याचं निराळंच. साडू म्हणाला, घे ठोकळ्यांचे, उगाच जिवाशी खेळ नको. डेअरीतला म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, रेघांचेच घे आणि चढावर साखळ्या बांध. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पुढे एक आणि मागे एक, असं नाही चालत का?” थेंबूनं तिच्याकडे असं पाहिलं की ती मुकाट्यानं भाजी चिरायला लागली. पण खरं सांगायचं तर ‘का नाही चालत’ हे त्यालाही धड सांगता आलं नसतं.

दोन-तीन वेळा दुकानाच्या दारातून परत फिरला. शेवटी एकदाचा मधल्या जातीच्या टायरांवर हात ठेवला, मध्ये रेघा आणि कडेला ठोकळे असलेल्या. टायरवाला म्हणाला, “झकास निवड. ह्याच्यात तुमच्या मापाचा शिल्लक नाही, एक माप मोठा आहे. बिनघोर बसतो, सगळेच घालतात. उलट गाडीच्या पोटाखाली जागा वाढेल.” थेंबूनं मान डोलावली. एवढ्या गोंधळात हे एक वाक्य त्याला सरळ वाटलं होतं, म्हणून त्याच्यावर त्यानं विचारच केला नाही. जुन्यातला एक टायर ताई घेऊन गेली, वासराला चारा टाकायला.

आणि काय सांगू, गाडी चढली! पहिल्याच दिवशी, कुठं न घसरता, मातीत दात रोवत टुणकन वर. वस्तीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं जीपच्या बॉनेटवरून हात फिरवला, जणू तिची तिसरी गाय. डांबरावरही गाडी आवाज न करता पळायची. थेंबू महिनाभर शीळ घालत फिरला. डिझेलची टाकी पूर्वी जितके दिवस पुरायची तितकेच दिवस पुरत होती, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता.

महिनाअखेरीला फळ्यावर खडू फिरला आणि थेंबूचं नाव खाली गेलं. एकदम पार खाली, गळक्या इंजिनच्या त्या खटाऱ्याच्या शेजारी.

आधी त्याला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. पुन्हा भागाकार करून घेतला. तोच आकडा. टाकी तेवढीच, फेरी तीच, गावं तीच, मग अ‍ॅव्हरेज कुठं गेलं? मीटरवर बघावं तर फेरीचे किलोमीटरच कमी भरत होते. म्हणजे रस्ता आखडला? डोंगर पुढे सरकला? थेंबूनं खरोखर मनात विचार केला की कुणी एखादं वळण सरळ केलंय आणि आपल्या ध्यानात आलं नाही की काय. मग त्यानं हवा तपासली. टाकीखाली पुठ्ठा अंथरून थेंब पडतात का बघितलं. मीटरची तार बिघडली असेल म्हणून मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकनं तार बघितली, काटा बघितला, म्हणाला, मीटर एकदम ठणठणीत आहे, तुमचंच डोकं तपासून घ्या. शेवटी स्वतःच्या पायावर संशय घेतला. वय झालं, पाय जड पडायला लागला, दुसरं काय! जेवताना घास हातात घेऊन नुसता उजव्या पायाकडे बघत बसायचा.

“पायात काटा गेलाय का?” बायकोनं विचारलं.

“नाही.”

“मग जेवा ना! पाय कुठं पळून जातोय?”

साहेबांनी बोलावून घेतलं. चांगल्या मनानंच बोलावलं होतं, तेच तर वाईट. “थेंबू, तुमच्यात खोट नाही, हे इतकी वर्षं तो फळा सांगतोय. दोष रस्त्याचा आहे. चढच डिझेल खातो, असं मी वर कळवतो. वस्ती बंद होईल, तुमचं अ‍ॅव्हरेज पुन्हा जागेवर येईल आणि नावालाही धक्का नाही. तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या संध्याकाळी सांगितलंत तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी थेंबू फेरीला निघाला तो डोळे मीटरला लावूनच, जसा काही तो आकडा डोळ्यांदेखत चोरी करणार होता. मोठ्या रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे पांढरे दगड होते. रोजचेच ते, त्यांच्याकडे कोण बघतो? आज एक दगड गेला तेव्हा मीटरवर नवा आकडा लागला नव्हता. जरा वेळानं लागला. पुढच्या दगडाला आणखी जरा उशिरा. त्याच्या पुढच्याला आणखी. थेंबूनं गाडी कडेला घेतली आणि उतरून एका दगडापाशी उभा राहिला. दगड काही चालत नाही. म्हणजे रस्ता होता तेवढाच होता आणि मीटर मागे पडत होतं. पण मेकॅनिक तर म्हणाला होता मीटर ठणठणीत आहे! डोकं पुन्हा भणभणलं. मागून एक ट्रकवाला ओरडून गेला, “काय दादा, दगडाला पत्ता विचारताय का?”

वस्तीवर पोचला तेव्हा ताई वासराला चारा टाकत होती, त्या जुन्या टायरात. थेंबू त्या टायराकडे बघत राहिला. मग काही न बोलता त्यातला चारा उपसला, टायर उभा केला आणि जीपच्या चाकाशेजारी नेऊन टेकवला. चांगला दोन-तीन बोटं बुटका.

“ताई, दोरी आण.”

“कशाला? फास घेतोस का?”

“आण गं तू!”

दोघांनी मिळून दोरी जुन्या टायराभोवती फिरवून माप घेतलं. मग तीच दोरी नव्या स्टेपनीभोवती फिरवली. दोरी पुरेना. वीतभर तरी कमी पडली. थेंबू मटकन खाली बसला.

“काय झालं ते सांगशील का?” ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मीटर रस्ता मोजत नाही गं. चाक किती वेळा फिरलं ते मोजतं.” तो सांगता सांगता स्वतःलाच समजावत होता. “लहान मूल आणि मोठा माणूस एकाच वाटेनं गेले, तर मुलाची पावलं जास्त पडतात की नाही? चाक मोठं झालं, पावलं कमी पडली. मीटरला वाटलं, गाडी कमी चालली. डिझेल होतं तेवढंच लागलं.”

ताईचा चेहरा उजळला. “अरे मग झालं की! गाडी काही जास्त पीत नाही. जा, सांग तुझ्या साहेबांना!”

थेंबू उठला नाही. दोरी हातात तशीच होती. ताई अडाणी असेल पण बावळट नव्हती. तिनं त्या गुळगुळीत टायराकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

“हा झिजून लहान झाला होता,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे तेव्हा पावलं जास्त पडत होती.”

“हो.”

“गाडी चालायची तेवढीच, आणि मीटर सांगायचं जास्त.”

“हो, ताई. बाकीचे वेळेवर टायर बदलायचे. मी नाही बदलायचो.”

वासरू चारा शोधत आलं आणि थेंबूच्या शर्टाची बाही चावायला लागलं. त्यानं त्याला हाकललंसुद्धा नाही. ताई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि लहानपणी शाळेत जाताना बजावायची तशी बोट दाखवून म्हणाली, “हे कुणाला सांगायचं नाही. कळलं? वस्ती बंद झाली तर होऊ दे. मी गाई विकते आणि खाली तुझ्याकडे राहायला येते. तुझ्या बायकोशी भांडायला मला कुणीतरी हवंच आहे.”

थेंबूनं वासराच्या तोंडातून बाही सोडवली. कॅन चढवले आणि निघाला. उतारावरून येताना डोक्यात नुसता काला झाला होता. साहेबांना सांगावं तर सगळी डेअरी दात काढणार. न सांगावं तर ताई ह्या वयात घर सोडणार. बरं, सगळंच मीटरचं होतं म्हणावं, तर मग तो उचललेला पाय, ते बंद केलेलं इंजिन, ती वर घेतलेली काच, ते काय नुसतं नाटक होतं? थोडं तरी खरं असेल की नाही? असेल तर किती? कुणाला विचारणार?

संध्याकाळी त्यानं साहेबांना जीपमध्ये घातलं आणि मोठ्या रस्त्यावर नेलं. “दगड बघा आणि मीटर बघा.” साहेबांनी बघितलं. हुशार माणूस, चार दगडांत त्यांच्या लक्षात आलं. “अरे वा! म्हणजे गाडी होती तेवढंच पिते. वस्तीला काही धक्का नाही!” त्यांनी आनंदानं थेंबूच्या पाठीवर थाप मारली. इथं थांबलं असतं तर सगळंच गोड झालं असतं. पण परत येताना साहेब खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात गणित करत होते, आणि ते गणित कुठं चाललंय हे थेंबूला दिसत होतं.

“थेंबू, मग आधीचे टायर...”

साहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं होतं. थेंबूनं मनात आणलं असतं तर ते उडवून लावता आलं असतं. म्हणता आलं असतं, आधीचे मापाचेच होते साहेब. डेअरीत ते टायर आता कुणाकडे नव्हते, एक सोडला तर, आणि तो वरच्या वस्तीवर चाऱ्यात पडला होता.

“झिजलेले होते,” थेंबू म्हणाला. “वर्षानुवर्षं झिजलेलेच वापरले. तेव्हाचे आकडे फुगलेले होते, साहेब. नव्याला दोष नाही द्यायचा, तर जुन्याचं कौतुकही पुसायला पाहिजे.”

मग साहेबांनी हळूच विचारलं, “पण मग तुमची गाडी खरंच किती द्यायची?”

“काय माहीत,” थेंबू म्हणाला. “मला वाटायचं, मला एक गोष्ट चांगली येते. आता तीही येते की नाही, कळायला मार्ग नाही.”

साहेबांनी त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चढ चढून वर आली तर ताईच्या दारात कॅन नव्हता. थेंबूनं हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला. तेव्हा ती गोठ्यातून बाहेर आली, हात कोरडे, केस पिंजारलेले, आणि जीपकडे बघत नुसती उभी राहिली. आत गाई धारेसाठी हंबरत होत्या.

“तू कसा आलास?” ती म्हणाली.

“गाडीनं. दूध कुठंय?”

“काढलं नाही. मला वाटलं, आजपासून...” ती गाडीजवळ आली. “तू सांगितलंस?”

“सांगितलं.”

“सगळं?”

“सगळं.”

ताईनं त्याच्या दंडावर एक जोरदार चापट मारली. मग त्याच हातानं त्याचा दंड घट्ट धरून ठेवला, आणि ती, जी नवऱ्याच्या वेळीसुद्धा चारचौघांत रडली नव्हती, ती गोठ्याच्या दारात उभी राहून ढसाढसा रडली.

“येड्या, गाईंचा व्यापारी येतोय दुपारी,” ती नाक पुसत म्हणाली. “काल तू गेल्या गेल्या निरोप धाडला मी.”

“त्याला चहा पाज आणि लावून दे परत. गाडी रोज येणार आहे.”

ताई एका गाईकडे वळली. थेंबूनं बाह्या वर केल्या, बादली उचलली आणि दुसऱ्या गाईखाली बसला. धार काढायची सवय मोडून जमाना झाला होता. पहिली धार बादलीत पडायची सोडून सरळ त्याच्या पायावर गेली, गाईनं शेपूट फिरवलं, आणि ताई रडता रडता पलीकडून ओरडली की तसं नव्हे, वरून धर.